मदत हवी आहे: गिअरबॉक्सचं बेअरिंग ठाण्यात कुठे मिळेल?

घोडबंदरकर:
जुन्या गाडीचा गिअरबॉक्स खोललाय. पुढचं बेअरिंग गेलंय, बॉलच्या वाटेत खड्डे दिसतात. दुकानदाराने ६३०५ नंबरचं दिलं, ते शाफ्टवर चढतच नाही. ठाणे-नवी मुंबईत बरोबरचं कुठे मिळेल? लवकर सांगा, गॅरेजवाला जागा मोकळी करा म्हणतोय.

वाशीचा फिटर:
गाडी कोणती, साल कुठलं? बेअरिंगवर नंबर काय? पुढचं म्हणजे इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) की क्लच रिलीजचं?

घोडबंदरकर:
ब्रिटिश आहे, १९५१ ची. नाव कळलं की भाव चढतो, म्हणून लिहीत नाही. इनपुट शाफ्टचं. नंबर घासून गेलाय.

रबाळे लेथ:
नंबर कशाला हवा? शाफ्टला पॉलिश पेपर मारून उतरवा, ६३०५ बसेल. हाउसिंगला (बेअरिंग बसतं त्या भोकाला) बुश, म्हणजे आतून नळी, घाला. काम झालं.

वाशीचा फिटर:
असलं काही करू नका. पेपरने शाफ्ट गोल राहत नाही, लंबगोल होतो. मग आतली रिंग शाफ्टवर फिरते आणि शाफ्टच खाते. बेअरिंग मिळतं, तो शाफ्ट मिळणार नाही. आधी मापं द्या. आतलं, बाहेरचं, रुंदी, आणि बाहेरच्या रिंगला सर्क्लिपची (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) खाच आहे का?

मेसन तेलवाला:
तेल कोणतं घालणार? जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घालू नका, त्यातलं गंधक पितळी-ब्राँझच्या सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असतात त्या) खातं. जीएल-४ घ्या. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश बॉक्समध्ये साधं ३० नंबरचं इंजिन ऑइलच जायचं.

घोडबंदरकर:
तेल विचारलंच नाहीये. व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये आतलं २५.४, बाहेरचं ६३.५, रुंदी १९ च्या जरा वर. खाच आहे.

वाशीचा फिटर:
मग झालंच. हे इंची बेअरिंग आहे: १ इंच, अडीच इंच, पाऊण इंच. नंबर आरएमएस ८, ब्रिटिश नंबर एमजे १. दोन्ही एकच. ६३०५ आहे २५ × ६२ × १७, चढणार कसं? दुकानात गाडीचं नाव घ्यायचं कारणच नाही, नंबर सांगा. मोटारपार्टच्या दुकानात जाऊ नका, बेअरिंगच्या दुकानात जा. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. ठाण्याहूनही सरळ लोकल, वाशीहूनही. पक्कं बिल घ्या, नकली माल भरपूर आहे.

जुन्या बेअरिंगवर बारीक वर्तुळं कोरलेली आहेत का बघा. दोन म्हणजे नॉर्मल क्लिअरन्स (बॉल आणि रिंगमधली मोकळीक), तीन म्हणजे आजचं सी३, जरा जास्त मोकळं. जे असेल तेच घ्या.

कोपरीकर:
पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजची, म्हणजे विंटेज गाडीची, नोंदणी मिळते. २०२१ चा नियम. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते.

घोडबंदरकर:
कागदपत्रं आहेत. वर्तुळं तीन. पण दुकानात फोन केला, आरएमएस ८ बिनखाचेचं आहे म्हणतात.

वाशीचा फिटर:
तेच घ्या आणि खाच पाडून घ्या. रिंग ६० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास कडक असते, त्यामुळे सिलिंड्रिकल ग्राइंडरवर पातळ चाकाने. वागळे इस्टेटमध्ये असं काम करणारे आहेत. नमुन्याला जुनं बेअरिंग आणि सर्क्लिप द्या. खाचेचं अंतर रिंगच्या कडेपासून मोजायला सांगा. ते चुकलं की शाफ्ट पुढेमागे सरकतो आणि टॉप गिअर सुटतो.

रबाळे लेथ:
सीबीएन इन्सर्ट (कडक पोलाद कापणारं टोक) असेल तर लेथवरही होतं. ग्राइंडरच हवा असं नाही.

वाशीचा फिटर:
होतं, पण रिंग पातळ आहे, चकमध्ये आवळली की दबते. मऊ जबडे लावत असाल तर करा. कुठेही केलं तरी आधी दोन्ही बाजूंनी ग्रीस भरून टेप मारा. भुकटी बॉलमध्ये शिरली तर नवं बेअरिंग फुकट. नंतर रॉकेलने धुवा, कोरडं फिरवू नका.

घोडबंदरकर:
चढवताना हातोडी चालेल ना?

वाशीचा फिटर:
बाहेरच्या रिंगवर कधीच नाही. ठोका बॉलमधून जातो, वाटेत खळगे पडतात आणि पहिल्याच दिवशी घरघर सुरू. तेलात ८०–१०० डिग्रीला तापवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. नळी आतल्या रिंगवरच टेकवून दाबा. बॉक्स खोललाच आहे तर लेशाफ्टचे (बॉक्समधला खालचा जोडशाफ्ट) निडल, म्हणजे बारीक रोलर, आणि ते फिरतात ती पिनही बघा. पिनवर नख अडकलं तर दोन्ही बदला, नुसते निडल टाकून उपयोग नाही.