मदत हवी आहे: धारवाडचा वेढा, टिपूच्या शिपायांचे वाघपट्टे आणि बेळगावचा पाऊस

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. टेबलावर मांडायच्या लढायांसाठी २८ मिमीचे छोटे सैनिक-पुतळे रंगवतो. आजवर सात वर्षांच्या युद्धातले (१७५६-६३) प्रशियन निळे कोटवाले आणि ऑस्ट्रियन पांढरे कोटवाले केले, ते आता हाताला बसलेत. यंदा धारवाडचा वेढा घेतलाय, सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१. किल्ल्यात टिपूचा बद्रुज्जमान खान, बाहेर मराठ्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन आणि सोबत इंग्रज कंपनीच्या कॅप्टन लिटलची मुंबईची पलटण. त्या सात वर्षांच्या युद्धातली ल्यूथेनची लढाई लोक किती टेबलांवर मांडतात, आणि आमच्यापासून दीड तासावर सहा महिने तोफा चालल्या त्याचं एक टेबल मला कुठं बघायला मिळालं नाही, म्हणून हे करायचंच आहे.

पहिली अडचण टिपूच्या पायदळाचे कोट. जांभळट कापडावर पांढरे वाघपट्टे, ते पण सरळ रेघा नव्हेत, मधे जाड आणि दोन्ही टोकं निमुळती, तांदळाच्या दाण्यासारखी. अख्खी पाठ नखाएवढी, त्यात हे बसवायचं. ट्रिपल झिरो म्हणजे अगदी बारीक ब्रशनं करतोय, पण रंग जरा दाट ठेवला की ब्रशच्या टोकावरच सुकतो आणि पातळ केला की कोटाच्या चुणीत ओघळून जातो. पिगमेंट पेननं कुणी केलंय का, वरून वार्निश मारल्यावर ते पसरतं का?

दुसरं वार्निश. जूनपासून आमच्याकडं हवेत नुसती ओल, मॅट स्प्रे मारला की पांढरट धुरकट थर बसतो, मुंबईच्या शिपायांच्या लाल कोटांवर तर फारच दिसतो. हे परत साफ होतं की सगळा रंग खरवडायचा?

आणि तिसरं माझ्या जास्त जवळचं. त्या मुंबईच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की मराठ्यांचे गोलंदाज तोफ भरायचे आणि मग सगळे बसून अर्धा तास गप्पा मारत, ओढत बसायचे, मग बार काढायचे. मला मोर्च्यात, म्हणजे तोफांच्या आडोशाला, तसेच बसलेले गोलंदाज हवेत, एक चिलीम पुढं करतोय, एकानं पागोटं काढून मांडीवर ठेवलंय असे. बाजारात सगळे उभे आणि बत्ती लावणारेच मिळतात ओ. पाय कापून बसवता येतात का?

प्रतिसाद:
दादा, निपाणीहून लिहितोय, पावसाचं दुखणं आमचंपण तेच. खरवडू नका अजिबात. त्या धुरकट थरावर ब्रशनं ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा रंग परत वर येतो, पूर्ण वाळल्यावर मग मॅट, तेपण ब्रशनंच. पावसाळ्यात स्प्रेच्या नादाला लागू नका. मॅटची बाटली खूप हलवायची, चमक घालवणारी पावडर तळाला बसलेली असते.
पट्ट्यांना पांढराशुभ्र रंग नको, हस्तिदंती घ्या आणि पाण्याबरोबर थेंबभर रिटार्डर (रंग हळू सुकवणारं द्रव) घाला, मग टोकावर सुकत नाही. पट्टा मधून सुरू करून एकदा वर, एकदा खाली ओढायचा. चुणीच्या खोल भागात काढूच नका, तिथं जांभळाच गडद ठेवा, हातभर लांबून नजर आपोआप पट्टे पूर्ण करते. पेन चालतं, पण वार्निश आधी एकावर लावून बघा, काही पेनं पसरतात.
पायांचं म्हणाल तर धातूचा असेल तर कंबरेत आणि गुडघ्यात कापा, बारीक तार घालून वाकवा आणि सांधे एम-सीलनं भरा, धोतराच्या निऱ्या त्यातच ओल्या टूथपिकनं काढायच्या. पागोटं पण त्याचंच, वळकटी करून गुंडाळायचं.

धागाकर्ता:
लई उपकार झाले. ग्लॉसचा हात आजच एका लाल कोटावर देऊन बघतो. तार किती जाडीची घेऊ तेवढं सांगा की, अर्धा मिमी पुरेल का? आणि त्या मराठा मोर्च्यातल्या लोकांना सरसकट एक रंग नको आहे, भाऊंच्या फौजेला काय एकसारखा गणवेश नव्हता, तेव्हा अंगरख्यांना मळकट पांढऱ्याच्या किती छटा ठेवाव्यात तेपण कुणी सांगावं.