फोक मेटलच्या छोट्या शोमध्ये व्हायोलिन ऐकूच आलं नाही, नक्की उभं कुठे राहायचं?

रानवाट_७:
शनिवारी रात्री पहिल्यांदा फोक मेटलच्या (लोकवाद्यं आणि लोकसंगीताच्या चाली घेतलेलं हेवी मेटल) लाइव्ह शोला गेले, एकटीच. चार-पाच वर्षं हेडफोनवर ऐकतेय पण प्रत्यक्ष योग आला नव्हता, आणि ओळखीत कुणालाच हे म्युझिक झेपत नाही, सोबत शोधत बसले असते तर हाही शो हातचा गेला असता. हॉल अगदी लहान, जेमतेम दीडशे माणसं असतील, स्टेज गुडघ्याएवढं उंच, मध्ये कठडा वगैरे काही नाही. म्हणून मी तासभर आधी जाऊन पहिल्याच रांगेत बरोब्बर मधोमध जागा धरली, व्हायोलिनवालीच्या समोर.

आणि झालं असं की ती मला दिसत होती पण ऐकू येत नव्हती! म्हणजे दुसऱ्याच गाण्यात तिच्या बोचे, म्हणजे व्हायोलिनच्या गजाचे, केस तुटून लोंबायला लागले, लाइट पडला की पांढरे चमकायचे, हात असा सपासप चाललाय, मान तिरकी, डोळे मिटलेले, आणि माझ्या कानात फक्त ड्रम्स आणि गिटार. गाणी सगळी पाठ आहेत त्यामुळे मनातल्या मनात व्हायोलिन मीच भरत होते. गायकाचंसुद्धा अर्धंच कळत होतं. चाळीसेक मिनिटं असंच.

मग एका गाण्याच्या आधी सगळे थांबले आणि हर्डी-गर्डीवाली (हँडलने चाक फिरवून वाजवायचं तारवाद्य) एकटी वाजवायला लागली. हॉलमध्ये एकदम चिडीचूप. तो खर्जातला अखंड घुमणारा सूर आणि त्यावर ती चाल, सरसरून काटा आला अंगावर, खरंच रडू आलं मला. त्यानंतर गिटार आत आल्या आणि पुन्हा सगळं गायब.

बाकी रात्र फार सुंदर गेली. शेवटच्या गाण्याला सगळे जमिनीवर एकामागे एक बसून होडी वल्हवल्यासारखे हात मारायला लागले, मी बावरून उभीच, तर मागच्या एका मुलीने हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाली माझ्या पुढे बस, लय सुटली तरी चालेल. ओळख ना पाळख.

तर प्रश्न असा, चूक माझ्या जागेची होती की साउंडवाल्याची? की छोट्या हॉलमध्ये हे असंच असतं? तोच बँड पुढच्या शनिवारी परत वाजवतोय, थोड्या मोठ्या हॉलमध्ये, जाऊ का? आणि कान अजून वाजतायत, हे नॉर्मल आहे का?

फेडर_वर_बोट:
जागेची चूक. मी छोट्या हॉलमध्ये साउंड करतो बरीच वर्षं, हा प्रश्न दर शोनंतर कुणी ना कुणी विचारतंच.

बघा, ड्रम्सना स्पीकरची गरजच नसते, एवढ्याशा हॉलमध्ये ते नुसतेच भरपूर मोठे वाजतात. गिटारचे अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे स्पीकर, स्टेजवर मागे ठेवलेले असतात आणि त्यांची तोंडं थेट पहिल्या रांगेकडे. पण गायक, व्हायोलिन, बासरी, हर्डी-गर्डी हे सगळं येतं मेन स्पीकरमधून, आणि ते स्पीकर असतात स्टेजच्या दोन्ही बाजूंना, मागच्या लोकांकडे रोखलेले. तुम्ही मधोमध पुढे उभ्या म्हणजे दोन स्पीकरच्या मधल्या पोकळीत. तुम्हाला स्टेजचा आवाज मिळाला, मिक्स, म्हणजे सगळ्यांचा जुळवलेला एकत्र आवाज, मिळालाच नाही. स्टेजवर जमिनीवर तिरके ठेवलेले स्पीकर दिसले असतील, ते वाजवणाऱ्यांसाठी असतात, त्यांची पाठ तुमच्याकडे.

मग व्हायोलिन वाढवत का नाहीत? वाढवलं की शिट्टी मारतं. व्हायोलिनचं पोकळ लाकूड स्टेजवरचा सगळा आवाज पिऊन थरथरतं, ते पिकअपमध्ये, म्हणजे व्हायोलिनला लावलेल्या छोट्या माइकसारख्या गोष्टीत, जातं, पिकअपमधून स्पीकरला, स्पीकरमधून परत लाकडाला, गोल फिरत राहतं. शिवाय डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटल्या आवाजाची, गिटार साधारण १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा खचाखच भरून टाकते आणि व्हायोलिनची धार नेमकी तिथेच असते. मी काय करतो, गिटारचा तेवढा भाग थोडा कापतो, व्हायोलिनला वाट मिळते. पण गिटारिस्टने स्टेजवरचा अँपच फुल केला असेल तर मी साउंड डेस्कवरून (जिथून सगळे आवाज कमीजास्त करतो) कितीही कापू दे, काय फायदा, तो आवाज माझ्या हातात नसतोच. त्याच्याकडे जाऊन गोड बोलून अँप कमी करायला लावणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

पुढच्या वेळी साउंड डेस्कच्या जरा पुढे उभ्या राहा. साउंड करणारा माणूस तिथे जे ऐकतो त्यावरच मिक्स लावतो, सरळ हिशोब. कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून नको, तिथे बास साचतो.

चार_तारा:
मी स्वतः अशा बँडमध्ये व्हायोलिन वाजवते म्हणून लिहितेय. रानवाट, तुम्हाला जेवढं ऐकू आलं नाही तेवढंच बहुतेक तिलाही आलं नसेल. मोठ्या गाण्यात मला माझा सूर कानाने कळतच नाही, जबड्याच्या हाडातून कळतो, हनुवटी टेकलेली असते ना तिथून. तिने डोळे मिटले होते म्हणालात त्याचं मला काहीच नवल वाटलं नाही.

हर्डी-गर्डीचं दुखणं आणखी वेगळं. आत लाकडी चाक असतं, राळ लावलेलं, हँडल फिरवलं की ते तारांवर घासतं, म्हणजे कधी न संपणारा गजच म्हणा. चाल पट्ट्या दाबून वाजवायची आणि बाजूला खर्जाच्या तारा सतत चालू. एका तारेखाली सैल घोडी असते, मनगटाने हँडलला झटका दिला की ती करकरते, तालासाठी. तंबोऱ्याची जवारी जशी धाग्याने जुळवतात तसा इथे तारांवर चाकाच्या जागी कापूस गुंडाळतात, तो जरा कमीजास्त झाला की आवाज फाटतो. दीडशे माणसांच्या घामाने हवा दमट झाली की लाकूड, तारा, कापूस सगळंच हलतं. म्हणून त्या वाजवणाऱ्या दोन गाण्यांमध्ये पाठ करून जुळवत बसलेल्या दिसतात. तुम्हाला जो एकटा भाग ऐकायला मिळाला ना, तो सुरात लागणं हे मोठं काम आहे, रडू आलं ते अगदी रास्त.

आणि एक विनंती, शोनंतर भेटून सांगा त्यांना. आम्हाला समोरून फक्त डोकी हलताना दिसतात, कुणी चाल ऐकली का ते कळत नाही.

जुनी_बखर:
वरच्या दोघांचं पटलं तरी मी म्हणेन पहिली रांग अजिबात सोडू नका असं नाही. माझी पद्धत, सुरुवातीची दोन-तीन गाणी डेस्कपाशी, मधे पुढे, शेवटी कडेला. छोट्या हॉलचं हेच तर सुख आहे, फिरता येतं. मोठ्या फेस्टिव्हलला एकदा अडकलात की अडकलात.

आणि हे वाद्य दबण्याचं भांडण या म्युझिकच्या जन्मापासूनचं आहे. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये स्कायक्लॅड बँड सुरू झाला, त्यांनी थ्रॅश मेटलमध्ये (मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, आणलं, तिथून लोक फोक मेटलचा हिशोब मांडतात. मग १९९२ ला आयर्लंडचा क्रूअखन, पुढे फिनलंडवाले आले ॲकॉर्डियनच्या चाली घेऊन, २००२ ला स्वित्झर्लंडचा एल्व्हेटी, ज्यांच्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांनी हर्डी-गर्डी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मंगोलियाचा द हू मोरिन खूर (दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य) आणि कंठगायन घेऊन आला, दिल्लीचा ब्लडीवूड ढोल आणि बासरी. ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल, जिथे गिटार बाजूला सरकून वाद्याला जागा देते तीच गाणी डोक्यात राहतात. ढोलाला स्वतःची ताकद आहे, तो दबत नाही. व्हायोलिनला बिचारीला जागा करूनच द्यावी लागते, आणि ती बँडने गाणं लिहितानाच द्यायची असते, साउंडवाल्याच्या भरवशावर सोडून चालत नाही.

आता कानाचं. हे मनावर घ्या. ८५ डेसिबल ८ तास चालतं असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ड्रम्ससमोर तुम्ही दीड-दोन तास होतात. कान वाजणं बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जातं, पण त्याचा अर्थ कानाला त्रास झालाय असाच आहे. नाही गेलं, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे. मी पंचविशीत कानात काही घालायचो नाही. आता डाव्या कानात रात्री शांत खोलीत बारीक सूर चालूच असतो, कायमचा.

फेडर_वर_बोट:
इयरप्लग घ्याल तर फोमचे नको, म्हणजे काहीच नसण्यापेक्षा बरेच, पण ते वरचे सूर जास्त मारतात आणि बास त्यामानाने कमी, व्हायोलिन होतं नव्हतं तेही जाईल. वाजवणाऱ्यांसाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळंच सारखं खाली आणतात.

रानवाट_७:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं समजावून कुणी सांगेल वाटलं नव्हतं. कान सोमवारी दुपारी शांत झाले. फिल्टरवाले प्लग मागवले आणि तिकीटही काढलं. कळवते.

रानवाट_७:
जाऊन आले काल. डेस्कच्या चार पावलं पुढे उभी राहिले, कानात प्लग. पहिल्या गाण्याची चाल सुरू झाली आणि मी तिथेच थबकले, कारण रेकॉर्डवर जी मी इतकी वर्षं दुसरी गिटार समजत होते ती व्हायोलिन आहे! गिटार खाली नुसता ताल धरून आहे आणि चाल सगळी तिची. शब्द सगळे कळले. हर्डी-गर्डीची ती करकर, चार तारा म्हणाली तीच, ड्रम्सच्या टोल्यांच्या मध्ये बरोब्बर बसत होती.

शेवटची दोन गाणी मात्र पुढे गेले, जुनी बखर यांचं ऐकून. परत काहीच ऐकू आलं नाही, पण आता चाल कुठे आहे ते माहीत होतं त्यामुळे तिचा हात बघत होते.

शोनंतर टी-शर्टच्या टेबलापाशी दोघी होत्या. व्हायोलिनवालीला सांगितलं की पहिल्या गाण्याची चाल आज पहिल्यांदा तुमची म्हणून ऐकली, तर ती काही बोललीच नाही, माझा हात धरून ठेवला थोडा वेळ. हर्डी-गर्डीवालीने झाकण उघडून चाक दाखवलं, म्हणाली फिरवून बघ. मी घाबरत अर्धा फेरा फिरवला, भसाडा आवाज आला, ती म्हणाली हळू नको, न थांबता. दुसऱ्यांदा लागला सूर. बोटांना राळेचा वास अजून आहे.

चार_तारा:
तो वास दोन दिवस जात नाही 🙂 पुढचा शो कधी, मीही येते.