जन्मठेपेच्या कैद्यांची रजा बंद करावी का?

कृष्णाकाठ

एका परिचितांनी परवा लिहिले की, "खुन्याला मुलाला निरोप द्यायला सोडतात, मग शिक्षा उरलीच कुठे? पॅरोल आणि फर्लो दोन्ही मुळापासून बंद करा." (पॅरोल म्हणजे विशिष्ट कारणासाठी मिळणारी अभिवचन रजा, फर्लो म्हणजे ठरावीक काळाने मिळणारी संचित रजा.) त्यांचा रोख मुंबई उच्च न्यायालयाच्या जुलै 2024 मधील आदेशावर होता. जन्मठेपेच्या एका कैद्याला, परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या शुल्काची तजवीज करण्यासाठी आणि त्याला निरोप देण्यासाठी न्यायालयाने रजा दिली. दुःखाच्या प्रसंगी रजा मिळते तर आनंदाच्या प्रसंगी का मिळू नये, असा खंडपीठाचा विचार होता. त्या लिखाणाखाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागलेली पाहून मला गप्प बसवेना.

आपल्या महाराष्ट्राचे नियम रजेची खिरापत वाटत नाहीत. अर्ज कारागृहातून निघतो, कैद्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात जातो, तिथे जामीनदाराचा जबाब होतो, अहवाल वर जातो, आणि मग संचित रजेचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षक व अभिवचन रजेचा निर्णय विभागीय आयुक्त घेतात. अभिवचन रजेचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, ते नंतर भोगावेच लागतात. उशिरा हजर झाल्यास एका दिवसामागे जास्तीत जास्त पाच दिवस या दराने शिक्षेतली माफी (सूट) कापली जाते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 262 खाली (जुलै 2024 पूर्वी दंड विधानाच्या कलम 224 खाली) गुन्हाही नोंदवला जातो. वकिलीच्या निमित्ताने मी रजा संपवून परतणारी माणसे पाहिली आहेत. हातात कपड्यांची एक पिशवी असते, सोबत आई किंवा भाऊ असतो, फाटकासमोरच्या टपरीवर सगळे मिळून चहा घेतात आणि मग तो माणूस स्वतःच्या पायाने आत जातो. अशी परत जाणारी माणसे कधीच बातमीत येत नाहीत, आणि न परतणाऱ्या एकाच्या बातमीवर या सगळ्यांचा निकाल लावला जातो, याची मला मनापासून चीड आहे.

रायगडवासी

वकीलसाहेब, न परतणाऱ्या 'एकाची' बातमी तुम्ही फार सहज बाजूला सारलीत, म्हणून तीच पुन्हा सांगतो. वडाळ्यात राहणाऱ्या एका तरुण वकील महिलेचा 2012 मध्ये तिच्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकाने खून केला. त्याला जन्मठेप झाली. 2016 मध्ये आईच्या आजारपणाचे कारण दाखवून तो नाशिकरोड कारागृहातून पॅरोलवर बाहेर पडला आणि नाहीसा झाला, तो 2017 च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरमध्ये सापडला. सुमारे दीड वर्ष त्या मुलीच्या आईवडिलांची झोप कशी झाली असेल, याचा विचार तुमच्या टपरीवरच्या चहात कुठेच दिसत नाही. त्याआधी 2009 मध्ये दिल्लीत जेसिका लाल खून खटल्यातला जन्मठेपेचा कैदी मनू शर्मा आईच्याच आजारपणासाठी पॅरोलवर सुटला आणि नाइटक्लबमध्ये आढळला. हरियाणात तर 2022 च्या कायद्याने वर्षाला दहा आठवडे पॅरोल आणि तीन आठवडे फर्लो अशी सोय आहे, आणि बलात्काराबद्दल 2017 मध्ये शिक्षा झालेला डेरा सच्चा सौदा पंथाचा प्रमुख राम रहीम फेब्रुवारी 2022 मध्ये पंजाबच्या आणि ऑक्टोबर 2024 मध्ये हरियाणाच्या मतदानाच्या तोंडावर बाहेर होता. नियम कितीही चांगले लिहा, त्यांचा फायदा वजनदार माणसेच उचलतात. म्हणूनच जन्मठेपेच्या कैद्याला रजा नकोच, असे मी म्हणतो.

कृष्णाकाठ

हरियाणाचा कायदा हरियाणाचा आहे. आपल्याकडे 2016 च्या दुरुस्तीने बलात्कार, दहशतवाद, खंडणीसाठी अपहरण अशा गुन्ह्यांतील कैद्यांना संचित रजेच्या बाहेर ठेवले. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, सार्वजनिक हितासाठी तो नाकारता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये आसारामचा मुलगा नारायण साई याच्या प्रकरणात स्पष्ट केले, आणि ते आपल्याच 1959 च्या नियमांचा अर्थ लावताना, कारण गुजरातमध्येही तेव्हा तेच नियम लागू होते. तेव्हा धोकादायक माणसाला अडवण्याची तरतूद आजही आहे. वजनदार माणसासाठी नियम वाकवला जातो, हे तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते. पण त्यावरचा तुमचा उपाय वजनदाराला लागणारच नाही. तो दुसरी वाट काढेल आणि मार फक्त गरिबाला बसेल.

भीमेची लेक

मला वरचा वाद वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतो आहे. त्याने गुन्हा केला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्याने अभिवचन रजेसाठी अर्ज केला. मी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली, भाऊ दुसरा नाही, आईच्या नावावर सातबारा नाही, तेव्हा जामीनदार कोण राहणार यातच बरेच दिवस गेले. शेवटी चुलत्यांनी सही केली, तर पोलीस अहवालात लिहून आले की कैदी गावात आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता आहे व फिर्यादीच्या जीवितास धोका आहे. फिर्यादीचे कुटुंब तोवर गाव सोडून गेलेले होते. आमच्या आळीतल्या एकालाही कोणी विचारायला आले नव्हते. वडील गेले त्यानंतर भावाला तातडीच्या रजेवर सोडण्यात आले आणि तो दहाव्याला बसला. ज्या माणसाला बापाचे तोंड बघता आले नाही त्याला पिंडाला हात लावायला सोडण्यात कोणता विचार आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

निवृत्त ठाणे अंमलदार

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटले. मात्र पोलीस घरी बसून अहवाल लिहितात असा जो सूर इथे निघतो आहे, त्याला उत्तर दिलेच पाहिजे, कारण मी असे अहवाल नोकरीभर लिहिले आहेत. समन्स, वॉरंट, बंदोबस्त, जत्रा, मोर्चे या सगळ्यांत कारागृहातून आलेला रजेचा कागद बीट हवालदाराच्या हाती पडतो. त्याने 'हरकत नाही' असे लिहिले आणि कैद्याने बाहेर जाऊन काही केले, तर पहिली चौकशी कोणाची लागते? त्या हवालदाराची. 'हरकत आहे' असे लिहिले तर त्याला आयुष्यात कोणी जाब विचारत नाही. मग घरात दोन लेकरे असलेला माणूस काय लिहील? हा दोष हवालदाराचा नाही, ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांचा आहे. कोविडचेच पाहा. मे 2020 मध्ये नियम बदलून कैद्यांना 45 दिवसांच्या रजेवर सोडले, ती रजा तीस-तीस दिवसांनी वाढत गेली, आणि मे 2022 मध्ये परतण्याचा आदेश निघाल्यावर जे आले नाहीत त्यांना शोधत फिरायची पाळी आमच्याच लोकांवर आली.

कृष्णाकाठ

अंमलदारसाहेब, तुम्ही जे सांगितलेत तेच मी न्यायालयात मांडत आलो आहे. 'शांतता भंग होण्याची शक्यता' या एका वाक्यावर नाकारलेल्या रजा उच्च न्यायालयाने वारंवार परत फिरवल्या आहेत, कारण धोका कोणाला आहे आणि तो कशावरून वाटतो, याचा अहवालात पत्ताच नसतो. पण न्यायालयापर्यंत पोचायला पैसा आणि माणूस लागतो. कोविडच्या वेळीही सात वर्षांवर शिक्षा असलेल्यांसाठी अट होती की मागच्या दोन रजांवरून वेळेवर परतलेला असला पाहिजे. ज्याला जामीनदाराअभावी कधी रजाच मिळाली नाही, तो ही अट पुरी करणार कशी? जुलै 2020 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की असा कैदी केवळ त्या कारणाने वगळता येणार नाही.

निवृत्त ठाणे अंमलदार

न्यायालयात अहवालाची चिरफाड करणे सोपे आहे. तुमच्यासारखे वकील आमच्या हवालदाराला अडाणी ठरवून मोकळे होतात, आणि तोच कैदी फरार झाला की पोलीस काय करत होते, असेही तुम्हीच विचारता. दोन्हीकडून बोलू नका.

कृष्णाकाठ

मी कोणालाही अडाणी म्हटलेले नाही, तो शब्द तुमचा आहे. अहवाल लिहिणाऱ्याने कोणाकोणाचे जबाब घेतले त्यांची नावे द्यावीत आणि धोका असल्यास तो कशावरून वाटतो ते लिहावे, एवढीच माझी मागणी आहे. तसे लिहिले तर उद्या काही विपरीत घडले तरी हवालदाराकडे दाखवायला कागद राहील. हे तुमच्याच माणसाच्या हिताचे आहे.

निवृत्त ठाणे अंमलदार

नावे लिहिण्याला माझा विरोध नाही. पण नाव लिहिलेला शेजारी दुसऱ्या दिवशी जबाब फिरवतो, तेही तुम्ही पाहिले असेल.

गोदातीर

इतका वेळ पोलीस अहवालावर भांडण चालले आहे आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्याबद्दल एका ओळीच्या पुढे कोणी बोललेले नाही. माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याने मारले. त्याला जन्मठेप झाली, आम्ही तिच्या मुलीला आमच्याकडे आणले. एकदा मी भाचीला घेऊन तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभी होते आणि समोरच्या फलाटावर तो उभा होता, पांढरा शर्ट घालून, पेपर वाचत. भाचीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखे रुतली. मला वाटले तो पळून आला आहे. पोलीस ठाण्यात धावत गेले तेव्हा कळले की तो रीतसर रजेवर आहे, आणि त्याच ठाण्यात हजेरी लावून नुकताच बाहेर पडला आहे. आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि कळवलेही नव्हते. भीमेची लेक यांच्या वडिलांचे वाचून डोळ्यांत पाणी आले हे खरे आहे. पण त्यांच्या भावाला रजा मिळाली असती तर समोरच्या घरी कोणी सांगितले असते का, हाही प्रश्न मला पडतो.

रायगडवासी

या अनुभवानंतर तरी कृष्णाकाठ यांनी आपला हट्ट सोडावा. अशा माणसाला रजा हवीच कशाला?

गोदातीर

रायगडवासी, माझे म्हणणे तुमच्या बाजूला ओढू नका. रजा बंद करा असे मी म्हटलेले नाही. तो एक दिवस सुटणार आहेच, आणि चौदा-पंधरा वर्षांत जगाशी एकदाही संबंध न आलेला तो माणूस सुटून थेट आमच्या दारात उभा राहिलेला मला नको आहे. त्यापेक्षा त्याची मधूनमधून परीक्षा होत राहिलेली मला चालेल.

भीमेची लेक

ताई, तुमच्या जागी मी असते तर मलाही आधी कळायला हवे असते. आमच्या गावात फिर्यादी राहत असते तर त्यांना सांगूनच भाऊ आला असता, आणि त्यांनी नको म्हटले असते तर माझ्या सासरी राहिला असता.

रायगडवासी

ठीक आहे, सरसकट बंदीचा आग्रह मी मागे घेतो, पण एका अटीवर. पीडित कुटुंबाची लेखी संमती असल्याशिवाय कोणालाही रजा देऊ नये.

कृष्णाकाठ

याला माझा ठाम विरोध आहे. संमती सक्तीची केली की निर्णय आयुक्तांच्या हातून निघून वैराच्या हाती जाईल. भाऊबंदकीच्या खुनांत तर दोन्ही घरे एकाच बांधावर असतात. तिथे संमतीसाठी दबाव येईल, पैसे दिले-घेतले जातील आणि गरीब फिर्यादीची आणखी फरफट होईल. पीडितांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, त्याचे उत्तर आदेशात द्यावे, पण नकाराधिकार देऊ नये.

निवृत्त ठाणे अंमलदार

यात मात्र वकीलसाहेबांशी सहमत व्हावे लागते आहे. संमतीसाठी दबाव आणल्याच्या तक्रारी घ्यायची वेळ शेवटी आमच्यावरच येईल. कळवण्याचे काम ठाण्याला दिले तर ते होऊ शकते. कैद्याची हजेरी जिथे लागते, तिथूनच फिर्यादीला निरोप जावा. फक्त त्याचा लेखी आदेश वरून हवा, नाहीतर तोही कागद बीट हवालदाराच्या पिशवीत पडून राहील.

गोदातीर

नकाराधिकार मी मागितलेलाच नाही. रजा कोणत्या तारखेला सुरू होते, कोणत्या तारखेला संपते आणि तो कोणत्या पत्त्यावर राहणार आहे, एवढे आम्हाला लेखी कळावे, आणि तो परत हजर झाला की तेही कळावे. भाचीची दहावी आहे. तेवढे दिवस मी तिला माझ्या नणंदेकडे ठेवीन.