आईला नीट दिसत नाही, पण बटण तिलाच दाबायचंय. बुधवारी मी आत जाऊ शकते का?

साताऱ्याची_लेक:
20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान आहे. आई 79 वर्षांची. डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे तिला समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं अंधुक दिसतं. घरून मत द्यायचं तर 85 वर्षं पूर्ण हवीत, नाहीतर 40 टक्के अपंगत्वाचा दाखला. दाखला वेळेत काढला नाही, ती चूक माझी.

मे महिन्यात लोकसभेला मला दारातच अडवलं. "आजींना एकटंच जाऊ द्या." आई आडोशामागे गेली, चाचपडत कुठलं तरी बटण दाबून आली. त्या रात्री ती जेवली नाही. "माझं मत कुणाला गेलं गं?" हेच विचारत राहिली. 1967 पासून तिनं एकही मतदान चुकवलेलं नाही हो.

यावेळी सोबत जाता येईल का? तिचं म्हणणं, बटण तू दाबायचं नाहीस. शिवाय कार्डावर आडनावाची वेलांटी चुकली आहे, त्यावरून परत पाठवतील का?

खडू_फळा:
ताई, मी शिक्षक. चार निवडणुका ड्युटी केली, दोनदा केंद्राध्यक्ष होतो. तुम्हाला अडवलं ते चुकीचंच झालं. ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्याला 18 वर्षांवरचा सोबती थेट आडोशामागे नेता येतो. दारातल्या माणसाशी वाद घालू नका, केंद्राध्यक्षांना भेटा आणि "सोबती म्हणून आत जायचंय" असं स्पष्ट सांगा. मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झाले नाही, असं तुमच्याकडून लिहून घेतील. नमुना 14अ मध्ये, म्हणजे अंध-अपंग मतदारांच्या यादीत, नोंद होईल.

बटण आईंनाच दाबू द्या. उमेदवारांचा क्रम आधीच ठरलेला असतो. त्यांच्या उमेदवाराचा क्रमांक आजच पाहून ठेवा. निळी बटणं एकाखाली एक असतात, वरून बोटानं मोजत यायचं. लांब बीप येईपर्यंत हलू नका. व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती तुम्ही बघा.

वेलांटीचं टेन्शन घेऊ नका. यादीत नाव आणि ओळख पटणं महत्त्वाचं. फोटोचं पेन्शनचं कागदपत्र किंवा आधार जवळ असू द्या. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही.

कराडची_वहिनी:
आमच्या सासूबाईंसाठी मी पुठ्ठ्यावर चिंचोके चिकटवले होते, एकाखाली एक. दोन दिवस दुपारी मोजायला बसवलं की हाताला सवय होते. आणि मोबाईल घरीच ठेवा. तुमचे दोन्ही हात आईंसाठी मोकळे हवेत.

साताऱ्याची_लेक (बुधवार, दुपार):
जाऊन आलो! सकाळी सातलाच गेलो, गर्दी नव्हती. मॅडम केंद्राध्यक्ष होत्या. "सोबती" म्हटल्याबरोबर त्यांनी कागद पुढे केला.

वहिनी, सोमवारपासून चिंचोके मोजत होतो. पहिल्या दिवशी आई सारखी एक पुढं जायची, कारण चिंचोके मी फार जवळ लावले होते. काढून बोटभर अंतरानं परत लावले. मंगळवारी संध्याकाळी दहापैकी दहा वेळा बरोबर.

मशीनपाशी तिचा हात मी सगळ्यात वरच्या बटणावर ठेवला आणि सोडला. ओठ हलत होते तिचे, मोजत होती. थांबली, परत वर गेली, पुन्हा मोजलं. मग दाबलं. आमचं ठरलं होतं, चिठ्ठी बरोबर दिसली की मी काही न बोलता तिचा खांदा दाबायचा. दाबला. तिनं माझा हात तिथंच धरून ठेवला, बीप थांबल्यावरही.

माझं मत आधी देऊन झालं होतं, त्यामुळे डाव्या तर्जनीला शाई होतीच. सोबत्याची शाई उजव्या तर्जनीला लावतात, हे मला तिथंच कळलं. घरी आल्यावर आईनं माझी दोन्ही बोटं कडेच्या नजरेनं, अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहिली. "ही माझी," म्हणाली, उजवं धरून. आत्ता दोन भाकरी खाऊन झोपली आहे.