१३-१०: हातात असे रिसीव्हर असताना ओहायो स्टेट रनच का खेळत राहिली?

कोलंबसकर
अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहणाऱ्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. रन (चेंडू घेऊन पळणं) आणि पास (चेंडू पुढे फेकणं) यांचा समतोल राखायच्या हट्टापायी हातातले सामने जातात, असं माझं ठाम मत आहे.

३० नोव्हेंबर २०२४ चा सामना घ्या. कोलंबसमध्ये, घरच्या मैदानावर, ओहायो स्टेट मिशिगनकडून १३-१० अशी हरली. मिशिगन त्या दिवशी ६-५ अशा अवस्थेत आली होती. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका आणि कार्नेल टेट असे तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. रिसीव्हरना अडवणारा मिशिगनचा सर्वांत चांगला कॉर्नरबॅक विल जॉन्सन जखमी, बाहेर बसलेला. म्हणजे पाससाठी दार उघडंच होतं. तरी चेंडू पुन्हा पुन्हा मधून, मिशिगनच्या बचावफळीच्या मध्यावरच्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांच्या अंगावर पाठवला गेला. हे दोघे पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडीत) पहिल्या फेरीत गेले, यावरून ती भिंत कसली होती ते कळेल. त्यात आपल्या लाईनचा (पुढे उभं राहून वाट करून देणाऱ्या पाच जणांचा) सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन आणि लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स दोघेही दुखापतीमुळे नाहीत.

२६ रन, ७७ यार्ड. सरासरी तीनसुद्धा नाही. मिशिगनकडून आधीच्या तीन वर्षांतल्या पराभवांनंतर 'तुमचा संघ मऊ आहे' हे फार ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि आपण दणकट आहोत हे दाखवायचं म्हणून मधून रन चालू ठेवला, असं मला वाटतं. प्ले-कॉलिंग हे अब्रू राखण्याचं साधन नाही.

निळा_मिशिगन
साफ असहमत. त्याच सामन्याचा दुसरा रकाना तुम्ही वाचलाच नाही. मिशिगनचे पासचे यार्ड किती? ६२, वर दोन इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेले पास). आणि रनचे? १७२. शेवटच्या ड्राइव्हमध्ये (चढाईत) कलेल म्युलिंग्सने २७ यार्डांची धाव काढली, म्हणून तर ४५ सेकंद उरले असताना फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारता आला. त्या दिवशी रन चालत नव्हता असं नाही, तुमच्या संघाचा चालत नव्हता. तुमच्याही क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्याने), विल हॉवर्डने, दोन इंटरसेप्शन दिलेच की. आणखी पंधरा पास टाकले असते तर तिसरं आणि चौथं झालं नसतं कशावरून?

आणि ११ नोव्हेंबर २०२३ विसरलात का? बीव्हर स्टेडियम, पेन स्टेट. मिशिगनचा मुख्य प्रशिक्षक हार्बॉ निलंबित, शेरॉन मूर संघ सांभाळतोय. पेन स्टेटचे पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारे) अंगावर येऊ लागल्यावर मूरने पास जवळजवळ बंदच केला. सलग ३२ रन! क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीने अख्ख्या सामन्यात आठ पास टाकले, ६० यार्ड. निकाल २४-१५. दोनच महिन्यांनी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद, त्यात रनचे यार्ड ३०३. समोरचा थांबवू शकत नसेल तर तेच करत राहायचं. हिंमत लागते त्याला.

आकडेमोड
निळा_मिशिगन, तुमच्या उदाहरणाने खरं तर कोलंबसकरांचीच बाजू भक्कम होते. ३२ सलग रन हा समतोल कुठे आहे? तो तर टोकाचा असमतोल, आणि त्या दिवशी बरोबर होता.

'जिंकणारे संघ जास्त रन खेळतात' हे वाक्य दर आठवड्याला कुठेतरी वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण कारण आणि परिणाम उलटे लावलेले असतात. आघाडी मिळाली की घड्याळ संपवायला संघ रन खेळतात. २०२३ पासून तर फर्स्ट डाउनला (दहा यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न मिळाले की) घड्याळ थांबणंही बंद झालं, दोन्ही हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून. म्हणजे हा मोह आणखी वाढला. दुसरी भानगड नोंदीची. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक सॅक झाला (पास टाकण्याआधीच पाडला गेला) की ते गमावलेले यार्ड रनच्या खात्यात जातात. एनएफएलमध्ये तसं नाही. पास खेळायला जाऊन आपटला तरी वहीत रन! असल्या वहीवरून ५०-५० कसं मोजणार?

आरपीओचं (रन-पास ऑप्शनचं) तर विचारूच नका. कॉलेजच्या नियमात लाईनमनला पासच्या वेळी तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे लाईन रनचं ब्लॉकिंग करत असते आणि क्वार्टरबॅक समोरचा लाईनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) कुठे सरकतोय ते पाहून चेंडू द्यायचा की फेकायचा ते ठरवतो. इथे प्रशिक्षकाने रन सांगितला की पास?

प्रशिक्षक माइक लीच याबद्दल स्पष्ट होता. टेक्सास टेक, वॉशिंग्टन स्टेट, मिसिसिपी स्टेट, तिन्हीकडे त्याने पासचाच खेळ खेळवला. चेंडू तो घेऊ शकणाऱ्या पाचही खेळाडूंपर्यंत पोचतोय का आणि मैदानाचा प्रत्येक कोपरा डिफेन्सला राखावा लागतोय का, हा त्याचा समतोल. मला तो हिशोब पटतो.

गार्डची_आई
आमचा मुलगा इथे हायस्कूलमध्ये गार्ड खेळतो, त्यामुळे माझं लक्ष चेंडूपेक्षा लाईनकडे जास्त असतं. तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात ती पाच मुलं कुठेच नाहीत.

पास ब्लॉकिंगमध्ये ही मुलं मागे सरकत मार खातात. रनमध्ये ती पुढे जाऊन मारतात. ओळीने दहा पास झाले की समोरचा पास-रशर कानात वारं शिरल्यासारखा येतो, कारण त्याला रनचा विचारच करावा लागत नाही. मधूनच एक रन त्याच्या अंगावर आला की पुढच्या वेळी तो अर्धा क्षण थबकतो, आणि तेवढ्या वेळात क्वार्टरबॅकचा चेंडू हातातून सुटतो. दोन-तीन यार्ड मिळालेला रन वाया गेला असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही, त्याचं फळ पुढच्या पासमध्ये असतं.

पण कोलंबसकर, सेंटर नसताना मधूनच रन, हे मलाही पटलं नाही. नव्या जागी उभ्या केलेल्या मुलांना ग्रॅहमसमोर पाठवायचं आणि मग तीच 'कमी पडली' म्हणायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. बाहेरून रन होता, स्क्रीन (लाईनच्या आडून टाकलेला छोटा पास) होता. कॉलेजच्या मैदानावर हॅश (जिथून डाव सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगा) एकमेकांपासून ४० फूट असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू एका हॅशवर असला की दुसरीकडे केवढी मोकळी जागा मिळते!

निळा_मिशिगन
आईंचा पहिला परिच्छेद मी छापून भिंतीवर लावेन.

आकडेमोड, आर्मीचं (लष्करी अकादमीच्या संघाचं) काय? २०१८ साली ओक्लाहोमाच्या मैदानावर ट्रिपल ऑप्शन (तीन पर्यायांचा, रनवर आधारलेला खेळ) खेळत त्यांनी चेंडू ४४ मिनिटं ४१ सेकंद आपल्याकडे ठेवला. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरे बाजूला उभा राहून बघत होता. आकारानं आणि वेगानं कमी असलेल्या मुलांनी सामना ओव्हरटाइमपर्यंत नेला, २८-२१. पास खेळून नेला असता?

आकडेमोड
नसता नेला, मान्य. दुबळ्या संघाने सामना छोटा करावा, डाव कमी खेळवावेत, हे गणितातही बसतं. पण ओहायो स्टेट दुबळी नव्हती. ज्याच्याकडे जास्त गुणवत्ता आहे त्याने जास्त डाव मागावेत. तिने सामना छोटा केला म्हणजे मिशिगनचं काम सोपं केलं.

कोलंबसकर
नेमकं हेच. आणि पुरावा पुढच्याच महिन्यात आहे. प्लेऑफमध्ये त्याच प्रशिक्षकांनी, डाव सांगणाऱ्या त्याच चिप केलीने सुरुवातीपासून पास उघडला. टेनेसी ४२-१७. रोझ बोलमध्ये ओरेगॉनविरुद्ध ३४-० अशी आघाडी, जेरेमाया स्मिथचे १८७ यार्ड. अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध थर्ड अँड ११ (तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत), आघाडी निसटत चाललेली, आणि स्मिथला ५६ यार्डांचा पास. नोव्हेंबरमध्ये तो पास सांगितलाच नसता.

निळा_मिशिगन
त्याच अंतिम सामन्यात ओहायो स्टेटचे रनचे यार्ड २१४. रनिंग बॅक जडकिन्सचे एकट्याचे १००. ते सोयीस्करपणे गाळलंत.

कोलंबसकर
गाळले नाहीत. ते यार्ड कशामुळे मिळाले ते बघा. स्मिथच्या धाकाने सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) मागे गेला, बॉक्समधला (लाईनजवळ रन अडवणाऱ्यांतला) एक माणूस कमी झाला. पासने रनला जागा करून दिली.

उपांत्य सामन्यातलं टेक्सासचं उदाहरण देतो, तुम्हीच सांगा. गोलरेषेपासून एक यार्डावर फर्स्ट अँड गोल (चारपैकी पहिला प्रयत्न), टेक्सास २१-१४ ने मागे. पहिला रन, काहीच नाही. दुसरा टॉस (बाजूला चेंडू टाकून रन), सात यार्ड मागे. तिसरा पास, अपूर्ण. चौथ्यावर ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने क्वार्टरबॅकला पाडून चेंडू उचलला आणि ८३ यार्ड पळत टचडाउन. दोन रन, दोन पास. याहून समतोल काय असतो?

गार्डची_आई
तिथे रन-पासचा प्रश्नच नव्हता. एक यार्ड हवा असताना टॉस सांगितला की लाईनच्या मुलांना आडवं पळावं लागतं आणि डिफेन्सला पोचायला वेळ मिळतो. पहिला रन अडला तरी दुसराही सरळच हवा होता, क्वार्टरबॅकच्या पाठीवर दोन माणसं लावून.

निळा_मिशिगन
+१. आणि तिसराही.