बोनसेट, कॅप राउंड आणि जर्नलवरची सही: मेडिकलला जाणाऱ्यांसाठी अनुभव धागा

माळ्यावरची_पेटी
शेजारच्या मुलीचं कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या यादीत नाव आलं आणि काल ती बोनसेट, म्हणजे अभ्यासाचा हाडांचा संच, मागायला आली. चादरीचं गाठोडं सोडलं तर हाडांवरच्या रेघा अजून तशाच: लाल, जिथून स्नायू निघतो, निळी, जिथे चिकटतो. म्हणून हा धागा. 'आमच्या वेळी' आणि 'मी किती रात्री जागलो' नको. नेमकं कुठे चुकतं, का चुकतं, तेवढं लिहा.

हाडांपासून सुरू करते. वायवाला (तोंडी परीक्षेला) हाड हातात दिलं की मुलं लगेच पाठ केलेले खाचखळगे सांगू लागतात. आधी बाजू ठरवा, हाड शरीरात असतं तसं धरा, मग तोंड उघडा. सगळ्यात फसवं फिब्युला, पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड. दोन्ही टोकं सारखीच वाटतात. खोलगट खड्डा असलेलं टोक खाली. त्रिकोणी गुळगुळीत बाजू आत, खड्डा मागे. झाली बाजू. उलटं धरलंत तर पुढचं सगळं बरोबर सांगूनही परीक्षक मान डोलावणार नाही.

कागदपत्रे_काका
हाडं नंतर, आधी कागद. स्टेट कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी, शिवाय डोमिसाइल. मागासवर्गीयांना जात प्रमाणपत्र पुरत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे समितीने केलेली जात पडताळणी, लागते. अकरावी सायन्सलाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. निकालानंतर धावपळ केली तर समिती तुमच्या राउंडसाठी थांबत नाही. नॉन क्रिमीलेयरवरची तारीख बघा, मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश पावसाळ्यात असतात.

ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांत २०२१ पासून ओबीसी आरक्षण आहे, पण तिथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचा दाखला तिथे चालत नाही.

आणि नाव! बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. नीटचा (मेडिकल प्रवेश परीक्षेचा) फॉर्म दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे भरा.

नाशिकची_मिरची
काका, ७०:३० चं, म्हणजे ७० टक्के जागा आपल्याच विभागातल्या मुलांना, त्याचं काय? आमच्याकडे अजून लोक विदर्भ-मराठवाडा वेगळं धरूनच हिशेब करतात.

कागदपत्रे_काका
ते सप्टेंबर २०२० मध्येच रद्द झालं. आता राज्याची एकच गुणवत्ता यादी. त्याआधीचे कटऑफ बघून काही ठरवू नका.

पसंतीक्रम
कॉलेजांच्या पसंतीची यादी भरताना सगळ्यात मोठी चूक: 'हे नक्की मिळेल' म्हणून ते कॉलेज पहिल्या नंबरवर. सॉफ्टवेअर मेरिटने एकेका विद्यार्थ्यावर येतं, त्याची यादी वरून खाली वाचतं आणि पहिली मोकळी जागा देऊन पुढे जातं. नक्की मिळणारं वर ठेवलंत तर तेच मिळणार, त्याखालचं कोणी बघतही नाही. खरी आवड आधी, खात्रीचं शेवटी. जिथे जायचंच नाही ते टाकूच नका. ऑल इंडियाच्या दुसऱ्या फेरीत लागलेली जागा सोडली तर अनामत जाते.

दुसरी चूक स्टेटस रिटेन्शनच्या फॉर्मवर घाईत सही. तो भरला म्हणजे 'हीच जागा पक्की, पुढच्या फेरीत मला धरू नका'. क्लार्क विचारतो "भरायचाय का?" आणि पोरं हो म्हणून मोकळी.

बायो_आधी
नीट ७२० ची, १८० प्रश्न, निम्मे बायोचे. गुण सारखे आले तरी आधी बायो बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. बरोबरला ४, चुकीला वजा १. म्हणजे जमणारा प्रश्न घाईत चुकवला की ५ गुण गेले, ४ नाही.

दुपारचा_चहा
आणि हात थरथरतो का, समोरच्याशी नीट बोलता येतं का, हे निवडीत कोणी बघतच नाही. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात) नीटनंतर मुलाखत तरी असते. बाकी सगळीकडे रँक आणि कॅटेगरी. कुकर लावलाय, नंतर येते.

डीएच_टेबल_४
हातावरून आठवलं. डिसेक्शनला (मृतदेहाच्या चिरफाडीला) सुरीच्या ३ नंबरच्या हँडलला ४ चं मोठं पातं बसत नाही. ३ ला १० ते १५, ४ ला २० ते २५. पातं बोटाने बसवू नका, फोर्सेप्सने (चिमट्याने) धरून सरकवा. पहिल्या आठवड्यातले बोट कापण्याचे बहुतेक प्रकार तिथलेच.

कातडीचा छेद उथळ घ्या. जोर लावला की खालच्या चरबीतल्या नसा कातडीबरोबरच निघतात आणि मग महिनाभर 'सर, आमच्या बॉडीत ही नर्व्हच नाही'. नस-धमनी शोधताना पातं बाजूला ठेवा. कात्री बंद करून आत घालायची, उघडून बाहेर काढायची. टेबल सोडताना भाग ओल्या कापडाने झाका. एकदा वाळला की स्नायू दोरखंडासारखे होतात आणि पदर सुटत नाहीत.

सिस्टर_ओरडल्या
धाग्याशी संबंध नाही, पण एप्रनवर मायक्रोच्या (मायक्रोबायॉलॉजीच्या) प्रॅक्टिकलचा जांभळा डाग पडलाय, कसा काढू?

माळ्यावरची_पेटी
साबण लावण्याआधी कापसावर स्पिरिट घेऊन टिप. चोळू नकोस, पसरेल. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून बघताना) स्पिरिट वापरून रंग उतरवतोच ना, तेच.

सिस्टर_ओरडल्या
फिका झाला! आता आईला कळणार नाही 😄

वॉर्ड_क्लिनिक
हिस्टरीबद्दल, म्हणजे पेशंटला विचारून त्रास लिहून घेण्याबद्दल, लिहितो. ऑल इंडियातून आलेल्यांना फाउंडेशन कोर्समध्ये मराठी शिकवतात, पण ती पुस्तकी. पेशंट 'वेदना' म्हणत नाही. 'कळ येते', 'चमक निघते', 'ठणकतं', 'गोळा येतो' म्हणतो, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. गोळा येतो म्हणजे दुखणं येऊन-जाऊन. त्याचं भाषांतर करून 'पेन' लिहिलंत तर निदानाचा धागाच तुटला. तोच शब्द केसपेपरवर लिहा.

'दम लागतो का?' ला सगळे हो म्हणतात. 'विहिरीवरनं पाणी आणताना मध्ये थांबावं लागतं का?' विचारा. 'संडास काळी होते का' ला हो आलं की घाबरण्याआधी लोहाच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा.

नाशिकची_मिरची
'घेरी' राहिली. चक्कर आणि घेरी एकच का?

वॉर्ड_क्लिनिक
तेच तर विचारायचं: खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? दोन वेगळ्या वाटा.

रात्रपाळी_इंटर्न
घाईत लिहितेय. रक्त तपासणीची निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा. आत ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असेल तर रक्त २.७ मिली, ९ ला १. कमी भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो आणि पेशंटचं ऑपरेशन उगाच पुढे ढकललं जातं. जांभळीतलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतून 'ॲडजस्ट' करू नका. त्यात पोटॅशियमचं ईडीटीए (तेही रक्त गोठू न देणारं) असतं, पोटॅशियम चढतं, कॅल्शियम पडतं. सिरिंजने जोरात ढकललं तर पेशी फुटतात, तरीही पोटॅशियम चढतं.

कॅन्युला (शिरेत घालायची सलाईनची नळी): गुलाबी २०, हिरवी १८, निळी २२, पिवळी २४; नंबर मोठा तशी नळी बारीक. रक्तस्राव होत असेल तर निळी लावून मोकळे होऊ नका. त्यातून रक्त वेगात जात नाही.

बायो_आधी
इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनला १२ आठवडे म्हणजे पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) अभ्यासाला मोकळा वेळ, असं सगळे म्हणतात. खरं का?

रात्रपाळी_इंटर्न
लसीकरणाच्या दिवशी नाही 🙂 आणि पोस्टिंग संपायच्या आत लॉगबुकवर सही घ्या. सरांची बदली झाली की ती सही शोधत फिरावं लागतं.

दुपारचा_चहा
आले परत. पेटीताई, बोनसेट दिला का मग तिला? कवटी असेल तर जबड्याची स्प्रिंग तपासून दे, पहिली तीच तुटते.