मदत वाटणाऱ्यांवर नजर कोणी ठेवायची?

पाणवठा (धागाकर्ता)

काँगोच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० इबोलाची मोठी साथ होती. जगभरातून माणसं आणि पैसा तिकडे गेला. बेनी शहरात आणि आसपास त्याच मदतकार्यातल्या पुरुषांनी स्थानिक बायकांना सरळ सांगितलं, काम हवं असेल तर आधी झोपायला ये. कामं कसली, तर झाडलोट नि स्वयंपाक. सप्टेंबर २०२० मध्ये दोन वृत्तसंस्थांनी मिळून हे बाहेर काढलं, तेव्हा ५१ बायका त्यांच्याशी बोलल्या. मग डब्ल्यूएचओला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेला, स्वतंत्र आयोग नेमावा लागला. वर्षभराने आलेल्या अहवालात ८३ संशयित होते आणि त्यातले २१ डब्ल्यूएचओच्या नोकरीतले. पुढे २०२३ च्या अखेरीस असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की पीडित बायकांपैकी १०४ जणींना डब्ल्यूएचओने प्रत्येकी २५० डॉलर दिले. तेही मिळवायचे तर आधी उद्योगधंद्याचं प्रशिक्षण घ्यायचं. राजधानीतल्या काही यूएन अधिकाऱ्यांना दिवसाच्या खर्चापोटी याहून जास्त मिळतात.

बरं, नियम नव्हते असंही नाही. २००२ मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनच्या निर्वासित छावण्यांतून यूएनएचसीआर (यूएनची निर्वासितांसाठीची संस्था) आणि सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा अहवाल आला होता. मदतीचं धान्य, ताडपत्री, साबण वाटणारेच त्याच्या बदल्यात पोरींना वापरत होते. त्यानंतर २००३ मध्ये यूएनच्या सरचिटणीसांचं परिपत्रक निघालं. पैसा, काम किंवा वस्तूच्या बदल्यात शरीरसंबंध नाही. अठराच्या आतल्या कोणाशीही नाही, वय माहीत नव्हतं ही सबब चालणार नाही. सहकाऱ्याबद्दल नुसता संशय असला तरी कळवायचं. कागदावर बोट ठेवायला जागा नाही.

यातूनच 'पीएसईए' नावाचं एक अख्खं खातं उभं राहिलं: लैंगिक शोषण रोखण्याचे कार्यक्रम, त्यांचे समन्वयक, प्रशिक्षणं, पोस्टर, तक्रारपेट्या. माझं म्हणणं असं की हे खातं आता डोनरला दाखवण्यापुरतं उरलं आहे. इतक्या टक्के कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन कोर्स केला, इतक्या पेट्या लावल्या. पेटी कुठे, तर ऑफिसच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीशेजारी. किल्ली त्याच ऑफिसातल्या साहेबाकडे. आणि जिने तक्रार करायची तिला लिहिता येत नाही.

दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. चौकशी संस्थेच्या हातून पूर्ण काढून घ्यावी. आणि प्रशिक्षणावरचा पैसा वाटपाची पद्धत बदलण्यावर घालावा. एका पुरुषाच्या हातात यादी आणि त्याच्याच हातात पोतं, ही जोडी फोडली की निम्मं काम झालं. तुम्हाला काय वाटतं?

मुक्काम पोस्ट

बरीच वर्षं या क्षेत्रात नोकरी केली आहे, त्यातली काही बांगलादेशात कॉक्स बाजारला, रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

प्रशिक्षणाची टिंगल करणं सोपं आहे. मीही केली आहे, चहा पिताना. पण लेखी नियम नव्हता तेव्हाचं वातावरण आठवा. 'दोघं सज्ञान आहेत, तुम्ही कोण विचारणारे' हे उत्तर सर्रास यायचं आणि त्यापुढे कोणाला बोलता यायचं नाही. आज एखाद्या ड्रायव्हरला किंवा स्टोअरकीपरला काढायचं तर माझ्या हातात त्याची सही असलेला कागद असतो. तो कागद त्या 'पोकळ' प्रशिक्षणातूनच येतो.

ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेचं हैतीतलं प्रकरण घ्या. २०१० च्या भूकंपानंतर तिथल्या बंगल्यावर वेश्या आणल्या गेल्या, २०११ मध्ये आतल्या आत चौकशी झाली. चौघांना काढलं, तिघांनी राजीनामे दिले. देशप्रमुख त्या राजीनामेवाल्यांत होता आणि पुढे दुसऱ्या संस्थेत बांगलादेशात त्याच हुद्द्यावर रुजू झाला. २०१८ मध्ये लंडनच्या टाइम्सने छापेपर्यंत खरा प्रकार काय ते बाहेर आलं नव्हतं. इथे नियम होता, तक्रार झाली, चौकशीही झाली. कच खाल्ली ती वरच्या लोकांनी, नाव जाईल म्हणून. कार्यक्रम वाईट चालवला म्हणजे कार्यक्रमच वाईट, हे मला पटत नाही.

त्या प्रकरणानंतर २०१९ पासून एक व्यवस्था आली: नोकरी देणाऱ्या संस्थेने आधीच्या संस्थेला ठरावीक नमुन्यात विचारायचं, या माणसावर लैंगिक गैरवर्तनाचा ठपका आहे का. कंटाळवाणं कारकुनी काम आहे, पण त्यामुळे उमेदवार नाकारले गेले आहेत. हे ज्याला बिनकामाचं वाटतं त्याने दुसरा मार्ग सांगावा.

उंबरठा

मुळात ही सगळी मदतच बंद करा. परदेशी पैसा आला की असली थेरं येणारच. ज्याचं त्याने बघावं.

खडीसाखर

@उंबरठा: अहो, धान्य बंद केल्यावर त्या बाई काय खाणार? शोषण करणारा तेव्हाही असेलच, फक्त त्याच्या छातीवर संस्थेचा बिल्ला नसेल. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था गुंडाळली आणि कितीतरी छावण्यांत शिधा कापला गेला. शिधा कमी झाला की पोरींवरचं दडपण वाढतं, त्याला वेगळी आकडेवारी लागत नाही.

बाकी पाणवठा यांच्या मूळ मुद्द्याला +१. आयोगाच्या अहवालातली मला सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट त्यांनी लिहिली नाही म्हणून लिहिते. एका प्रकरणात चौकशी लांबवताना आतले लोक काय म्हणत होते? लेखी तक्रार आलेली नाही, आणि ती बाई 'लाभार्थी' नाही. म्हणजे तिने संस्थेचं औषध घेतलं असतं तर शोषण, नाहीतर तिचा खासगी मामला! असली कायद्याची फोड करायला हुशार माणसंच लागतात. मुक्काम पोस्ट, ही माणसं तुमच्या प्रशिक्षणातूनच बाहेर पडलेली ना?

कलमबहाद्दर

'चौकशी बाहेरच्यांकडे द्या' हे ऐकायला छान वाटतं. बाहेरचे म्हणजे कोण, ते आधी ठरवा.

स्थानिक पोलीस? यूएनच्या अधिकाऱ्याला कामाच्या संदर्भात कायदेशीर संरक्षण असतं. सरचिटणीस ते काढू शकतात, पण त्यासाठी आधी कोणीतरी प्रकरण त्यांच्यापर्यंत न्यावं लागतं. आणि जिथे सरकारच पळून गेलंय तिथे पोलीस ठाणं असलं तरी बाई तिथे जाईल का?

शांतिसैनिकांचं तर आणखी वेगळं. सैनिकावर खटला फक्त त्याचा देश चालवू शकतो. हैतीतून २००७ मध्ये श्रीलंकेच्या १०० हून अधिक सैनिकांना परत पाठवलं, त्यातला एकही तुरुंगात गेला नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात फ्रेंच सैनिकांवर मुलांच्या शोषणाचे आरोप झाले. फ्रेंच सरकारला कागद देणाऱ्या यूएन अधिकाऱ्यालाच निलंबित केलं होतं. २०१५ च्या अखेरीस स्वतंत्र समितीने यूएनच्या वरिष्ठांना झापलं. त्यानंतर सुरक्षा परिषदेचा ठराव आला, २२७२ क्रमांकाचा, २०१६ चा: शोषणाचे आरोप वारंवार होत असतील तर अख्खी तुकडी परत पाठवता येते. चांगलं आहे, पण तुकडी घरी गेली म्हणजे शिक्षा झाली असं नाही.

आपल्याकडच्यांनी फार नाकं मुरडू नयेत. काँगोतल्या भारतीय शांतिसैनिकांवरही २००८ मध्ये आरोप झाले होते. दुसऱ्या बाजूला २००७ मध्ये लायबेरियात यूएनची पहिली फक्त महिलांची पोलीस तुकडी गेली ती भारताची. गणवेशातली बाई समोर असली तर बायका बोलायला धजावतात, हे तिथलं निरीक्षण होतं. मला वाटतं पाणवठा यांच्या दोन्ही सूचनांपेक्षा हे जास्त कामाचं आहे: वाटप करणाऱ्यांत आणि तक्रार घेणाऱ्यांत बायका किती?

मोहाचं झाड

हा धागा परदेशातल्या छावण्यांवरचा आहे, पण त्याची झळ आमच्यासारख्या छोट्या संस्थांना कशी लागते ते सांगते. आम्ही आदिवासी भागात कुपोषणावर काम करतो. सातजणांची संस्था, त्यातला एक हिशेबनीस. यूएनच्या एका संस्थेबरोबर काम करायचं तर पीएसईएचं मूल्यमापन पार पाडावं लागतं. आठ मानकं. धोरण आहे का, भरतीच्या वेळी पूर्वचौकशी होते का, प्रशिक्षण, तक्रारीची सोय, पीडितेला कुठे पाठवणार, चौकशी कोण करणार, वगैरे. प्रत्येकाला पुरावा जोडायचा. आमच्या हिशेबनिसाने कपाळाला हात लावला.

मी याच्या विरोधात नाही. उलट त्या फॉर्ममुळे एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं, म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती बंधनकारक नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीच्या अध्यक्ष कोण, फोन नंबर काय, आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. शोधायला दोन खेपा घालाव्या लागल्या. पाड्यावरच्या बाईला ते कुठून कळायचं?

प्रश्न पैशाचा आहे. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च किती करता येतो, तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर २० टक्के, आधी ५० होते. शिवाय मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. म्हणजे चार छोट्या संस्थांनी मिळून एक तक्रार अधिकारी ठेवावी, हा शहाणपणाचा मार्ग अवघड झाला. डोनर म्हणतो आठही मानकं हवीत, पण ती सांभाळणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खान्यात टाकायचा ते सांगत नाही. मग काय होतं? इंटरनेटवरून धोरण उतरवून घ्यायचं, नाव बदलायचं आणि सही ठोकायची. पाणवठा ज्याला डोनरला दाखवायचं खातं म्हणतात ते असं तयार होतं.

पाणवठा

@मोहाचं झाड: हेच तर म्हणतोय. तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा चांगला आहे.

@कलमबहाद्दर: बायका असाव्यात, मान्य. पण बाईला वाटपाच्या टेबलावर बसवून यादी पुरुषाकडेच राहिली तर काय उपयोग? म्हणून मी पद्धतीवर अडून बसतो. जॉर्डनमधल्या काही छावण्यांत निर्वासितांच्या डोळ्याचं स्कॅन करून दुकानात थेट खरेदीची सोय झाली. पोतं देणारा मधला माणूस गेला. रोख रक्कम थेट बाईच्या नावाने आली की मागणाऱ्याच्या हातात द्यायला काही उरतच नाही.

@मुक्काम पोस्ट: एकच सरळ प्रश्न. तुमच्या संस्थेत तक्रारी किती आल्या होत्या? 'शून्य' असं ज्या अहवालात लिहिलेलं असतं त्याला टाळ्या मिळतात की प्रश्न विचारले जातात?

मुक्काम पोस्ट

आकडा देणार नाही, कारण छावणी छोटी असते आणि माणसं ओळखू येतात. पण प्रश्न रास्त आहे. शून्याला टाळ्याच मिळायच्या. वरून पत्र यायचं, अभिनंदन. ज्या केंद्रात तक्रारी वाढल्या त्या केंद्राच्या प्रमुखाला मात्र स्पष्टीकरण द्यावं लागायचं. यात बदल व्हायलाच हवा. डोनरनेच सांगावं की दोन वर्षं तक्रार नसेल तर आम्ही तपासायला येऊ.

आता तुमच्या डोळ्याच्या स्कॅनबद्दल. मधला माणूस गेला कुठे? तो यादीच्या आधी जाऊन बसला. कॉक्स बाजारला २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या काही महिन्यांत आले, तेव्हा गटागटाचे म्होरके नेमले गेले, त्यांना तिथे 'माझी' म्हणतात. कोणती झोपडी कोणाची, घरात माणसं किती, नवरा बेपत्ता आहे की नाही, हे तो सांगणार. नाव चढवणं त्याच्या जिभेवर. पुढे कार्ड आलं, बोटाचे ठसे आले, पण कार्ड हरवलं, ठसा जुळला नाही, नवीन बाळ जन्मलं, तरी बाई आधी त्याच्याच दारात. यंत्र बसवल्याने सौदा फक्त रांगेच्या टोकावरून सुरुवातीला सरकतो.

खरा उपयोग कशाचा झाला ते सांगतो. छावणीतल्याच बायका, फिरून बोलणाऱ्या. नळावर, दवाखान्याच्या रांगेत, बाळंतिणीच्या झोपडीत. तक्रार घ्यायला नाही, नुसत्या गप्पा मारायला. 'ताडपत्री लवकर हवी असेल तर कोणाला भेटायचं?' असं विचारलं की चार बायका एकाच माणसाचं नाव घ्यायच्या आणि हसायच्या. तेवढं पुरायचं, त्याला वाटपावरून हलवायला पुरावा लागत नाही. या बायकांच्या मानधनाला मात्र बजेटमध्ये कधी ओळ नसायची, पोस्टरच्या छपाईला असायची.

खडीसाखर

हलवलात म्हणजे दुसऱ्या छावणीत ना? तिथल्या बायकांचं काय?

मुक्काम पोस्ट

@खडीसाखर: गोदामात, पोती मोजायला. पण हो, काही वेळा दुसऱ्या छावणीत. पुराव्याशिवाय काढता येत नाही आणि पुरावा म्हणजे त्या बाईने समितीपुढे बसायचं. ती तयार नसते. नियम म्हणतो कळलं की वर कळवलंच पाहिजे. ती म्हणते कोणाला सांगू नका, नवरा मारून टाकेल. दोन्ही एकदम कसं पाळायचं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

कलमबहाद्दर

तिचं नाव न देता माहिती वर कळवता येते. नाव द्यायचं की नाही हे तिने ठरवायचं, कळवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. इतकं काही अवघड नाही.

मोहाचं झाड

पाड्यावर सतरा घरं असतात हो. नाव न दिलं तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

पाणवठा

म्हणूनच चौकशी करणारा गावाबाहेरचा, संस्थेबाहेरचा आणि कायम नेमलेला हवा. प्रत्येक प्रकरणाला नवीन समिती आली की गावाला लगेच कळतं कोणासाठी आली. दर महिन्याला येणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. पैसे सगळ्या डोनरांनी एकत्र टाकावेत, संस्थेच्या २० टक्क्यांत ते धरूच नयेत.

मुक्काम पोस्ट

कायम नेमणुकीला माझी हरकत नाही. पण दोषी माणसाला काढायचा अधिकार त्याला द्याल की त्याने नुसता अहवाल लिहायचा? अहवालच लिहायचा असेल तर तो पुन्हा आमच्याच साहेबाच्या टेबलावर येईल.

उंबरठा

मी आधीच सांगितलं होतं.

खडीसाखर

तुम्ही बंद करा म्हणालात हो. इथे कोणी तसं म्हणत नाहीये. मुक्काम पोस्ट यांचा प्रश्न अनुत्तरित आहे, पाणवठा, उत्तर द्या.